शेपूट सरळ बसेपर्यंत

डावीकडे ७५८ मिलिमीटर, उजवीकडे ७६६.

पुन्हा मोजलं. तेच आलं. तिसऱ्यांदा अण्णांनी मोजलं, त्यांचंही तेच. पंखाच्या डाव्या टोकापासून शेपटाच्या डाव्या टोकापर्यंतचं अंतर उजव्या बाजूपेक्षा आठ मिलिमीटरने कमी होतं. चार महिने रोज रात्री जेवणं उरकल्यावर जे विमान बांधलं, त्याचं शेपूट वाकडं चिकटलं होतं, आणि ते मी स्वतः चिकटवलं होतं.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं. पंखांचा पसारा दीड मीटर, वजन पावणेदोन किलोच्या आत, पंख वरच्या अंगाला आणि रबरबँडने बांधलेला. शिकणाऱ्यांसाठी असतं तसं साधं, बॅटरीवर चालणारं. बाल्सा सोलापुरात मिळत नाही. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो आणि आपल्याकडे कुरिअरने घरी पोचतो. बांधकाम झालं आमच्या घराच्या माडीवर, पूर्व भागात. खाली गल्लीत अजून चार ठिकाणी यंत्रमाग चालतात. त्यांचा खटखटाट दिवसभर इतका असतो की माग थांबले की उलट दचकायला होतं.

चूक कशी झाली ते आधी सांगते, कारण ती मला नीट आठवते. एप्रिलची दुपार होती, पारा बेचाळीसच्या पुढे. रविवार होता आणि मला त्या दिवशी शेपूट बसवून मोकळं व्हायचं होतं. पाच मिनिटांत आवळणारं इपॉक्सी कालवलं. पुडीवर लिहिलेली पाच मिनिटं ही साधारण पंचवीस अंशांच्या हवेतली असतात. उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली ते अडीच मिनिटांतच घट्ट झालं. आडवं शेपूट, ज्याला आम्ही स्टॅब म्हणतो, ते खाचेत सरकवलं, डोळ्यांनी पाहिलं, बरं दिसलं. मोजपट्टी घेऊन वळते तोवर ते हलेना. बळ लावलं तर लाकूड कुरकुरलं, म्हणून सोडून दिलं. मग त्यावर उभी फिन बसवली आणि ती काटकोनात आहे ना हे पाहायला गुण्या लावला. तो टेकवला स्टॅबला. स्टॅबच वाकडा असल्यामुळे फिनही तेवढीच वाकडी, पण गुण्याच्या हिशेबाने अगदी बरोबर बसली.

पहिलं उड्डाण मोहोळच्या पलीकडे, मामांच्या रानात झालं. २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची विमानं सुरू झाल्यापासून शहराच्या आसपास असलं काही उडवायचा विचारही आम्ही करत नाही. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर जागा पाहायची आणि लांब जायचं. ज्वारी निघाली होती, बाकीचं रान नांगरून झालं होतं, पण मामांनी आमच्यासाठी एक पट्टा ठेवला होता. धसकटं काढून, फळी मारून सपाट केलेला. त्या पट्ट्याचं मोल विमान बांधणाऱ्यालाच कळतं.

रिमोट भाच्याच्या हातात होता, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. विमान उठलं आणि लगेच डावीकडे झुकायला लागलं. त्याने रडरचं, म्हणजे फिनमागच्या हलत्या फळीचं, ट्रिम उजवीकडे देत नेलं. ट्रिम म्हणजे रिमोटवरच्या बटणाने त्या फळीला टिचकी-टिचकीने थोडा कायमचा कल देणं. सात टिचक्या दिल्यावर ते सरळ जायला लागलं. मला हायसं वाटलं. मग उतरवण्यासाठी मोटरचा जोर कमी केला, तर विमान आपोआप उजवीकडे वळलं.

"मावशी, हे असं का करायलंय? वर डावीकडं, खाली उजवीकडं."

त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता सांगू शकते. प्रोपेलरची हवा विमानाभोवती पिळत मागे जाते आणि फिनवर एका अंगाने आदळते. त्यामुळे जोर असताना नाक डावीकडे ओढलं जातं. त्यावर उतारा म्हणून मोटर मुळातच दोनेक अंश उजवीकडे वळवून बसवतात, तरी थोडी ओढ उरते. आमच्या विमानात ही ओढ आणि फिनचा वाकडेपणा, दोन्ही डाव्याच बाजूला खेचत होते. भाच्याने पूर्ण जोरात असताना ट्रिम दिलं, म्हणजे दोन दुखण्यांना मिळून एक मात्रा दिली. जोर कमी झाल्यावर एक दुखणं गेलं, मात्रा मात्र तेवढीच राहिली, आणि विमान उजवीकडे गेलं. ट्रिमने वाकडं शेपूट झाकता येत नाही ते यासाठी.

खरी खूण मात्र लूपमध्ये सापडली. पुरेशी उंची गाठून भाच्याने विमान उभ्या वर्तुळात फिरवलं. लूप जिथे सुरू झाला तिथेच संपायला हवा. आमचा लूप स्क्रूच्या आट्यासारखा डावीकडे सरकत गेला. वाऱ्याने असेल म्हणून वारा थेट नाकावर घेऊन केला, नंतर पाठीवर घेऊन केला. वाऱ्याचा दोष असता तर दिशा बदलल्यावर विमानाची बाजूही बदलली असती. पाचही लूप विमानाच्या डावीकडेच गेले. म्हणजे दोष विमानात होता.

घरी आल्यावर मी दोरा घेऊन बसले. एक टोक शेपटाच्या टोकाला, दुसरं पंखाच्या टोकाला, ताणून गाठ मारायची आणि दुसऱ्या बाजूला लावून पाहायचं. दर वेळी वेगळंच काही येत होतं. अण्णा जिन्यातून वर आले. तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर म्हणून काम केलंय त्यांनी, माग बसवायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे.

"काय मोजायलीस एवढं?"

मी सांगितलं.

"दोऱ्यानं मोजू नको. दोरा ताणतो. आयुष्य गेलं माझं दोऱ्यात, मी सांगतो की."

त्यांनी खालून अॅल्युमिनियमची मीटरभर पट्टी आणली. तिच्या एका टोकाला बारीक भोक पाडून टाचणी घातली. टाचणी एका टोकावर टेकवायची, दुसऱ्या टोकाशी पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची, आणि तीच पट्टी दुसऱ्या बाजूला लावायची. आकडाच वाचायचा नसल्यामुळे वाचण्यातली चूकही होत नाही. फरक दिसला की मगच मोजायचा.

त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न माझ्या फार कामाचा ठरला. "तुझा शाफ्ट कुठला?"

मला कळलं नाही. ते म्हणाले, माग बसवताना आम्ही जमीन बघत नाही, भिंत बघत नाही. मुख्य शाफ्ट एकदा बसला की बीम, रोलर, सगळं त्याच्याशी समांतर आहे का बघायचं. एक भाग दुसऱ्यावरून, दुसरा तिसऱ्यावरून असं मोजत गेलं की प्रत्येक वेळची थोडी थोडी चूक साठत जाते, आणि बीम तिरका बसला की कापड तिरकं उतरतं.

विमानात तो शाफ्ट म्हणजे पंख. हे मी वाचलं होतं, पण हाताला कळलं नव्हतं. मधली पेटी, फ्यूजलाज, ही नुसती जोडणारी काठी असते. ती दिसायला थोडी वाकडी असली तरी चालतं. पंख आणि शेपूट एकमेकांशी सरळ असायला हवेत. म्हणून आधी पंखच तपासला. फ्यूजलाजच्या मागच्या टोकाला बरोबर मध्यावर टाचणी रोवली आणि तिथून पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत पट्टी लावली. फरक एक मिलिमीटरही नव्हता. पंख सरळ होता. मग पंखाच्या टोकापासून स्टॅबच्या टोकापर्यंत मोजलं, आणि ते दोन आकडे आले. आमच्या विमानाच्या मापात बाजूंचा आठ मिलिमीटर फरक म्हणजे स्टॅब सुमारे एक अंश फिरलेला. डावं टोक पुढे, उजवं मागे. फिनही त्याच्याबरोबर एक अंश फिरलेली, म्हणजे कुणी कायमचा डावा रडर दाबून धरल्यासारखं.

हे वरून पाहिल्यावर. आता मागून पाहायचं होतं, पंख आणि स्टॅब एका पातळीत आहेत का ते. माडीची शहाबादी फरशी ओबडधोबड आहे, तिच्यावरून उंची मोजण्यात अर्थ नाही. अण्णांनी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाण्याची नळी मागून आणली. पारदर्शक नळीत पाणी, तिचं एक तोंड पंखाच्या या टोकाशी, दुसरं त्या टोकाशी. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं, फरशी कशीही असो. फ्यूजलाजखाली घडी केलेले कागद सारत पंखाची दोन्ही टोकं पाण्याशी आणली. मग नळी शेपटाकडे नेली. स्टॅबचं डावं टोक सहा मिलिमीटर खाली होतं.

लूप डावीकडे का जात होता ते तिथेच उलगडलं. लूपसाठी एलिव्हेटर (स्टॅबमागची हलती फळी) ओढला की शेपूट खाली दाबलं जातं. स्टॅब सपाट असेल तर दाब सरळ खाली जातो. डावं टोक खाली झुकलेलं असेल तर तो दाब जरासा उजवीकडे कलतो, शेपूट उजवीकडे ढकललं जातं आणि नाक डावीकडे वळतं. सरळ उडताना हे जाणवत नाही, एलिव्हेटर जोरात ओढला तरच कळतं. त्यामुळे यावर ट्रिम देताच येत नाही.

बाजूने पाहिलं तेव्हा मात्र पंख आणि स्टॅब यांच्या कोनांतला फरक नकाशात होता तसाच निघाला. तो बिघडला असता तर काम फार वाढलं असतं. पंखापेक्षा शेपूट किंचित कमी कोनात ठेवलं की विमान आपोआप स्थिर राहतं, ही गोष्ट अल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं छोटं मॉडेल उडवून दाखवली होती. अकरा सेकंद, सुमारे चाळीस मीटर. राइट बंधूंच्या बत्तीस वर्षं आधी. शेपटाचा कोन मोजायला बसले की मला दर वेळी ते अकरा सेकंद आठवतात.

भाच्याचा सल्ला होता, पंखाखाली एका बाजूला पातळ प्लायची चकती सार. सल्ला चुकीचा नव्हता. पंख आणि स्टॅब एकमेकांशी जुळले म्हणजे झालं, मग पंख जरा कलवून स्टॅबशी जुळवला तरी चालतं. हिशेबही केला, अकरा सेंटिमीटर रुंदीच्या बैठकीवर जेमतेम सव्वा मिलिमीटरची चकती पुरली असती. कलणं तेवढ्याने सुटलं असतं. पण फिनचा एक अंश सुटत नव्हता. निम्मी चूक ठेवून निम्मी काढायची मला इच्छा नव्हती. दोन रात्री विचार केला आणि शेपूट कापायचं ठरवलं.

कापायला करवत नको. हेक्सॉ ब्लेडचा एक तुकडा घेतला, हातात धरायच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. आधी फिन, मग स्टॅब. इपॉक्सी तापलं की मऊ पडतं. म्हणून जोडाच्या रेषेवर सोल्डरिंग गनचं टोक थोडं थोडं टेकवायचं आणि मऊ झालेल्या इपॉक्सीतून ब्लेड पुढे सरकवायचं. लाकडात जाऊ द्यायचं नाही. घाई केली की ब्लेड मऊ बाजूला पळतं, आणि बाल्सा इपॉक्सीपेक्षा फार मऊ असतो. दोन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या दिवशी स्टॅब अखंड हातात आला.

आणि त्यावर दुसरी, जास्त गंभीर चूक दिसली. स्टॅबवर आधी रंगीत फिल्म इस्त्रीने बसवलेली होती. चिकटवायच्या जागी लाकडाला लाकूड लागावं म्हणून मधली फिल्म मी ब्लेडने कापून काढली होती. ब्लेड फिल्मखाली जाऊन बाल्सात शिरलं होतं. पाच मिलिमीटर जाडीत जवळपास दोन मिलिमीटर खोल रेघ, तीही नेमकी फ्यूजलाजच्या कडेला, जिथे स्टॅबवर सगळ्यात जास्त ताण येतो. पाच लूप त्या रेघेने सहन केले होते. सहावा कदाचित केला नसता, आणि मग शेपूट हवेत मोडलं असतं. ते पाहून माझे हात थांबले. रानात भाचा होता, मामा होते, मामांची दोन लेकरं बांधावर बसून बघत होती.

फिल्म कापायची ती ब्लेडने नाही, सोल्डरिंग गनच्या तापलेल्या टोकाने. पट्टी धरून हलक्या हाताने ओढलं की फिल्म वितळून कापली जाते आणि लाकडाला ओरखडाही येत नाही. हे कुणीही सांगतं, मलाही सांगितलेलं होतं. त्या रेघेत मी पातळ सीए, म्हणजे झटपट चिकटणारं सुपरग्लू, सोडलं, ते तंतूंत शिरून घट्ट झालं. मग वरून आणि खालून बारीक काचकापडाची पट्टी इपॉक्सीने चढवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं धरून वाकवून पाहिलं. आवाज नाही, लवचीकपणा दोन्हीकडे सारखा.

आता बैठक. पॉलिशपेपर बोटाने घासला की कडा गोल होतात, म्हणून तो सपाट लाकडी ठोकळ्यावर चिकटवला. जुनं इपॉक्सी घासून काढलं, खाच किंचित सैल केली, म्हणजे स्टॅब फिरवायला जागा मिळाली. डाव्या बाजूला प्लायचा पातळ तुकडा ठेवला. मग नुसत्या टाचण्यांवर, चिकट न लावता, बसवून पाहिलं. आधी स्टॅब मध्यावर आहे का, म्हणजे फ्यूजलाजच्या दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर आहे का. मग पट्टीने दोन्ही टोकं. मग पाण्याची नळी. नळीने पातळी जमवली की पट्टी बिघडायची, पट्टी जमवली की मध्य सरकायचा. असं अकरा वेळा झालं. शेवटी तिन्ही जमलं तेव्हा फ्यूजलाजवर आणि स्टॅबवर आडव्या-उभ्या बारीक पेन्सिलरेघा मारून घेतल्या.

या वेळी इपॉक्सी तीस मिनिटांचं घेतलं, आणि वेळ पहाटे साडेपाचची. माग अजून सुरू झाले नव्हते, पत्रा गार होता. चिकट लावलं, स्टॅब रेघांवर बसवला, बाहेर आलेलं इपॉक्सी स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. पट्टी लावली, दोन्हीकडे बरोबर. मी उठणार होते. अण्णा म्हणाले, "बस की. आता तर तो सरकंल."

सहा मिनिटांनी परत पाहिलं तर उजवं टोक दोन मिलिमीटर मागे गेलं होतं. ओल्या इपॉक्सीवर लाकूड तरंगतं, टाचणीच्या बाजूने जरा दाब आला की सरकतं. बोटाने हलकेच पुढे आणलं, टाचणी बदलली. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, पंधरा, वीस, पंचवीस. चहा आला तो तिथेच प्यायलो. शेवटचं मोजमाप डावीकडे ७६२ आणि उजवीकडे ७६२ आणि अर्धा. अर्ध्या मिलिमीटरसाठी परत कापण्यात अर्थ नव्हता.

फिनसाठी गुण्या घेतलाच नाही. फ्यूजलाजच्या नाकाच्या मध्यापासून शेपटाच्या मध्यापर्यंत एक ताणलेली रेघ घेतली आणि फिनची पुढची व मागची धार त्या रेघेवर आणली. उभेपणासाठी अण्णांनी छताच्या हुकाला ओळंबा टांगला, फिनच्या बरोबर मागे. पंख पाण्याच्या नळीने आधीच पातळीत होता. चार फूट लांब बसून एक डोळा मिटायचा आणि फिनची कड ओळंब्याच्या दोऱ्याआड लपते का पाहायचं. लपली की टाचणी मारायची. गुण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटलं, कारण ओळंबा स्टॅबला विचारत नाही.

काचकापड, प्लायचा तुकडा आणि जास्तीचं इपॉक्सी मिळून शेपूट नऊ ग्रॅमने जड झालं. ऐकायला काहीच नाही, पण शेपूट समतोलाच्या जागेपासून साठ-पासष्ट सेंटिमीटर लांब असतं, तिथले नऊ ग्रॅम फार बोलतात. पंखाची रुंदी पंचवीस सेंटिमीटर, समतोल पुढच्या कडेपासून साडेसात सेंटिमीटरवर हवा. तो मागे गेला होता. नाकात शिसं घालण्याऐवजी एकशे ऐंशी ग्रॅमची बॅटरी सव्वातीन सेंटिमीटर पुढे सरकवली आणि तिच्यासाठी नवा पट्टा बसवला. भाच्याने रडरचं ट्रिम शून्यावर आणलं आणि पुशरॉड, म्हणजे रडर हलवणारी काडी, फिरवून रडर फिनशी एका रेषेत घेतला.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा मामांच्या रानात गेलो. सकाळचे सव्वासहा, वारा जवळपास नाही. या वेळी अण्णाही आले. विमान उठलं आणि सरळ गेलं. अगदी सरळ म्हणणार नाही, पूर्ण जोरात उजवीकडे दोन टिचक्या द्याव्याच लागल्या. ती प्रोपेलरच्या हवेची राहिलेली ओढ, पुढे मोटरखाली एक वॉशर घालून काढली. पण जोर कमी केल्यावर ते वळलं नाही. नाक जरासं खाली घेऊन नाकासमोर तरंगत राहिलं.

भाच्याने उंची घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पहिला लूप संपला तो जिथे सुरू झाला त्याच्या हातभर आत. दुसराही तसाच. तिसऱ्याला मामांच्या धाकट्याने बांधावरून टाळ्या वाजवल्या.

अण्णा पट्ट्याच्या टोकाला, आमच्यापासून बरेच मागे जाऊन उभे राहिले होते. ऊन तोंडावर येत होतं म्हणून हाताचा आडोसा केला होता.

"आता माझ्याकडून सरळ लांब ने," ते भाच्याला ओरडून म्हणाले, "पाठमोरं बघू दे."

विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि लांब लांब होत गेलं. अण्णांनी एक डोळा मिटला होता.